गाडी गेल्याची खूण

या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचते. कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाला विहिरीतून हाक येते... मी मैत्रिणींना म्हणायचे, या सगळ्यांना एकदा आमच्या सकाळच्या बसला उभं करा, भुतं कुठल्या कुठे पळतील. आमच्या वडिलांनी घरात अंगारे-धुपारे कधी येऊ दिले नाहीत. शाळामास्तर होते ते. अमावास्येला काजूच्या बागेत मुद्दाम जायचे आणि मलाही सोबत न्यायचे, भीती मोडावी म्हणून. त्यांची मुलगी आज हे लिहितेय. कोणी हसलं तर मला राग येणार नाही.

जागा नेमकी सांगते, गावाचं नाव तेवढं राहू दे. मालवणहून कसालला येणारा रस्ता आहे, त्यावर तीन वाटा मिळतात तो आमचा तिठा लागतो. तिठ्यावर चिऱ्यांची एक शेड, तिचे अर्धे पत्रे वादळात गेले ते गेलेच. पुढ्यात सिमेंटचा एक खांब. कधीतरी त्याच्यावर पाटी होती म्हणतात. माझं घर तिथून आत, चालत बारा मिनिटं. घरी मी आणि आई, दोघीच. मी कणकवलीला एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. तिठ्यावरून कसाल, कसालला उतरून हायवेवरची दुसरी गाडी, मग कणकवली. साडेआठच्या आत मशीनवर अंगठा लागला पाहिजे. तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा. आणि साहेबांचं ते बोलणं — "मॅडम, बाकीचे येतातच ना वेळेवर?" बाकीचे कणकवलीतच राहतात, हे साहेबांना कोणी सांगायचं?

पहिली गाडी सव्वासातची. म्हणजे तशी म्हणायची पद्धत. सात दहाला येऊ शकते, आठ दहाला येऊ शकते, किंवा येतच नाही. उशीर झाला तर माणूस सहन करतो हो, पण आमचा खरा छळ वेगळाच होता. तुम्ही सात चौदाला धापा टाकत तिठ्यावर पोचलात आणि तिथे कोणीच नाही... तर गाडी गेली की यायची आहे? गेली असेल तर पुढची साडेनवाची. यायची असेल तर हलून चालत नाही. विचारणार कोणाला? तिठा खोलगटात, मोबाईलला रेंज शून्य. गावाच्या ग्रुपवर 'गाडी गेली का?' असा मेसेज टाकायला चढण चढून वर जावं लागतं, आणि वर गेलात की नेमकी तेवढ्यात खालून गाडी जाते! माझ्या बाबतीत हे दोनदा झालंय. रस्त्यात उभी राहून रडले आहे मी.

यावर तोडगा काढला कुंदावैनीने. ती वाडीतली, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. कसालजवळ काजूच्या कारखान्यात कामाला होती, बिया सोलायला. तेलाने बोटं काळी पडलेली, पण डोक्यात रोज अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. तिने नियम घातला : जो कोणी गाडीत शेवटचा चढेल त्याने खांबाला हिरवी डहाळी लावून चढायचं. डहाळी दिसली तर गाडी गेली, घरी जा किंवा दुसरी सोय बघा. दिसली नाही तर निर्धास्त उभे राहा. संध्याकाळी जो परत येईल त्याने ती काढून टाकायची. कंडक्टर आधी वैतागले, मग त्यांनाही सवय झाली. ते हसून म्हणायचे, "लावा लवकर तुमचो टाळो." टाळो म्हणजे डहाळीच.

आम्ही चार-पाच जणी नुसती डहाळी खांबाच्या भेगेत खुपसायचो. कुंदावैनी मात्र केळीचा दोरा पिशवीत घेऊनच यायची. वळेसर बांधतात तशा दोन डहाळ्या एकमेकींवर उलट्या ठेवून, दोन वेढे देऊन खांबाला बांधायची. मी म्हणायचे, "वैनी, गाडी सुटतली तुझ्या या नक्षीत." ती म्हणायची, "वाऱ्यान पडली तर मागचो माणूस फसतलो गो."

आता मला जे सांगायला जड जातंय ते सांगते. हे मी आजवर फक्त एकाच माणसाला सांगितलंय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या महिन्यात माझे दोन लेटमार्क झालेले. त्या दिवशी तिठ्यावर मी एकटीच होते, आणि गाडी चक्क सात पाचला आली. इतक्या वर्षांत गाडी लवकर आलेली मी दोनदा की तीनदा पाहिली असेल. डहाळी मी तोडून हातात धरली होती. कंडक्टरने "चला, चला" केलं, मी धावत चढले, खिडकीजवळ बसले, आणि बघते तर डहाळी माझ्या हातातच.

बेल मारायला सांगता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. पण तेवढ्यासाठी कसालची पुढची गाडी चुकली तर, आणि तिसरा लेटमार्क... मी गप्प बसले. वळणावर तिठा दिसेनासा झाला. डहाळी कसालपर्यंत मांडीवर होती, टाकायचीही लाज वाटली.

माझ्यामागून पाचच मिनिटांनी कुंदावैनी तिठ्यावर आली. त्या दिवशी ती कारखान्यात जाणार नव्हती. तिचा धाकटा भाऊ कणकवलीच्या दवाखान्यात शेवटच्या अवस्थेत होता, त्याला बघायला निघाली होती. खांबाला डहाळी नाही, म्हणजे गाडी यायची आहे. तिचाच नियम. ती साडेनवापर्यंत उभी राहिली. पोचली तेव्हा भाऊ गेलेला. तिच्या येण्याची वाट बघत होता म्हणे, दाराकडे डोळे लावून.

बाराव्यानंतर ती परत कामाला येऊ लागली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "त्या दिवशी गाडी इलीच नाय ना गो?" आणि मी — काय झालं होतं मला कोण जाणे — मी म्हटलं, "नाहीच म्हणे वैनी. मी तर घरूनच रिक्षाने गेले." तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि विषय बदलला. त्यानंतर दोन वर्षं ती रोज माझ्या शेजारी बसायची. रोज मला वाटायचं, आज सांगू. काजू किती सोललेस, आईची शुगर किती, असलं सगळं बोलून व्हायचं, तेवढं राहायचं. मग ती आजारी पडली, आणि महिन्याभरात गेलीच. डहाळीची पद्धतही तिच्याबरोबरच संपली. नेहमी गाडीला येणाऱ्या दोघींनी स्कूटी घेतल्या, एक लग्न होऊन गेली. मी एकटी कोणासाठी लावणार?

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. आता गेल्या जानेवारीतला तो मंगळवार.

आईला इन्सुलिन आहे. सकाळी साडेसहाला मी इंजेक्शन देते आणि लगेच तिला खायला घालते, मग निघते. दहा वाजता शेजारची रेखा एक चक्कर मारून जाते. त्या दिवशी आई उठल्यापासून किरकिर करत होती. रात्रीही नीट जेवली नव्हती. इंजेक्शन दिलं, घावणे पुढ्यात ठेवले, तर ताट सरकवून म्हणाली, "सुजा, आज जाव नको गो. माका बरा वाटणा नाय."

मी विचारलं, काय होतंय? तर नीट सांगेना. आठवड्यातून एकदा हे असतंच, असं मला वाटलं. मी तडकले. "दोन लेटमार्क झालेत माझे. तू खा, झोप, दहाला रेखा येईल."

"खाईन मगे."

"मगे नाही, आत्ता खायचं आहे. लहान आहेस का तू?"

ती तोंड फिरवून बसली. मीही पर्स उचलली आणि दार आपटून निघाले. पायात चप्पल घालताना ती आतून काहीतरी म्हणाली, ते मी मुद्दाम ऐकलं नाही. इन्सुलिन दिलेल्या माणसाला उपाशी सोडून जायचं नसतं, हे मला शिकवायला नको. पण डोक्यात साहेब होते आणि सव्वासातची गाडी होती. रागाच्या भरात माणूस काय करतो ते मी चांगलंच शिकले आहे.

सात बाराला तिठ्यावर पोचले. थंडी होती, धुकं अजून उठलेलं नव्हतं. शेडमध्ये कोणी नाही. आणि खांबाला डहाळी.

मला आश्चर्य वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, हेच मला नंतर विचित्र वाटलं. इतक्या वर्षांची सवय... डहाळी दिसली, म्हणजे गाडी गेली. मी गाडीला, ड्रायव्हरला, साहेबांना, सगळ्यांना एक-एक शिवी दिली आणि मागे फिरले. रेखाचा नवरा बाबू आठ वाजता टेम्पो घेऊन दुकानावर जातो, त्याला गळ घालायची की जरा लवकर काढ, मला कसालला सोड. त्याचं घर आमच्या घरावरूनच पुढे.

अर्ध्या वाटेवर, पाणंदीतून चढताना, मला एकदम आठवलं की आता डहाळी लावायला कोणी उरलेलंच नाही. पाय थांबले. परत जाऊन बघावं असं वाटलं. पण तोपर्यंत घर जवळ होतं, म्हटलं आधी बाबूला गाठू.

आमच्या दारावरून जाताना मी सहज हाक मारली. भांडून निघाले होते ना, म्हणून. "आई, खाल्लंस का?" उत्तर नाही. रुसली असेल, म्हणून पुढे जाणार होते. पण आईचं रुसणं मला माहीत आहे, ती रुसली की उलट जास्त बोलते. आत गेले.

स्वयंपाकघराच्या दारात ती आडवी पडली होती. घाम इतका की पदर पिळला तर पाणी निघालं असतं. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हती. घावण्यांना हातही लागलेला नव्हता. मी किंचाळले, मग तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर साखर चोळत राहिले, मध्येच रेखाला हाका मारत राहिले. बाबूने टेम्पो काढला. पाठीमागे गोण्यांवर मी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या तोंडाला साखर लागलेली, मी "आई, मी चुकले, मी चुकले" एवढंच म्हणत होते. दवाखान्यात सलाइन लावलं. अर्ध्या तासाने तिने माझ्याकडे डोळे वळवले आणि म्हणाली, "तू कामाक नाय गेलंस?"

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, तुम्ही रोज किती वाजता घरातून निघता, नंतर कोण येतं. मी म्हटलं दहाला शेजारीण. त्यांनी "दहाला?" एवढंच विचारलं. मला कळायचं ते कळलं.

आठवड्याने मी पुन्हा कामाला निघाले. गाडी आली, कंडक्टर ओळखीचे. म्हणाले, "काय ताई, गेल्या मंगळवारी तिठ्यावर कोणीच नव्हतं? अर्धं मिनिट थांबवली मी तुमच्यासाठी."

मी म्हटलं, "माझ्या आधी गेलात ना तुम्ही. सात बाराला मी आले होते."

"छे! त्या दिवशी वाटेत टायर बसला. आठला पाच कमी असताना तिठ्यावर आलो."

"आणि त्याच्या आधीची गाडी?"

"आधीची कुठली? आमचीच पहिली फेरी."

मी सीटवर बसले. म्हणजे सात बाराला गाडी गेलेली नव्हतीच. डहाळी नसती तर मी तिथेच उभी राहिले असते, गाडीत बसले असते, आणि आई त्या दारात दहापर्यंत...

मग मी माझ्या पद्धतीने शोध घेतला. वडिलांची मुलगी आहे, लगेच कुंदावैनीचं नाव घेणार नाही. आई दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, मी तिठ्यावर जाऊन आले होते. डहाळी सुकून लटकत होती. दोन डहाळ्या, एकमेकींवर उलट्या, केळीच्या दोऱ्याने दोन वेढे. मी हात लावला नाही. पुढे कधीतरी ती वाऱ्याने गेली. जुन्या दोघी, ज्यांनी स्कूटी घेतल्या, त्यांना विचारलं. एक त्या आठवड्यात लग्नासाठी गोव्यात होती, दुसरीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलंच नाही. आमच्याकडे डहाळ्या काय, रस्ता खचला तरी लावतात, झाड विकलं तरी लावतात. कोणीतरी कशासाठी तरी बांधली असेल. वळेसर बांधणाऱ्या बायका गावात पन्नास आहेत. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. नेमकी त्याच दिवशी, त्याच खांबाला, मी यायच्या आधी कोणी बांधली, याचं उत्तर मात्र मिळालं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी कुंदावैनीच्या घरी गेले. तिचे यजमान, वासूदादा, अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. डहाळीचं मी त्यांना काहीच सांगितलं नाही. मी त्यांना ती चार वर्षांपूर्वीची सकाळ सांगितली. हातातली डहाळी, न मारलेली बेल, आणि नंतर केलेलं खोटं. म्हटलं, "दादा, वैनीला भाऊ भेटला नाही तो माझ्यामुळे." सांगताना मला रडू आवरेना.

हातातली सुपारी त्यांनी सोलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ठावक होता तिका."

"काय?"

"त्याच दिवशी कळला. संध्याकाळच्या गाडीन परत येताना कंडक्टरान हसत सांगल्यान, सकाळी तुमची ती कणकवलीवाली टाळो हातात घेवनच चढली म्हणून. त्याका काय ठावक, हिचो भाव गेलो तो! घरी इली तीच रडत. दोन दिवस तुझा नाव घेवन घेवन रडली."

"मग मी रिक्षाचं खोटं बोलले तेव्हा..."

"ता पण घरी येवन सांगल्यान. माका राग इलो. मी म्हटलंय, जातंय आणि इचारतंय सुजाक. तर माका म्हणता कशी, खबरदार बोललात तर. नोकरी सांभाळूकच गप रवला ता. ती गेली तर तेच्या आवशीक कोण बघतला?"

त्यांनी सोललेल्या सुपाऱ्या सुपात लोटल्या आणि चहा टाकायला उठले. मला म्हणाले, "बस बाय, रडा नको. आवस बरी आसा ना आता?"

त्या मंगळवारी खांबाला डहाळी कोणी बांधली हे मला आजही माहीत नाही, आणि वाचकांपैकी कोणी काही सुचवलं तर मी ते शांतपणे ऐकून घेईन. पण माझा जीव आता त्या प्रश्नात अडकलेला नाही. सगळं माहीत असताना ती बाई दोन वर्षं रोज सकाळी माझ्या शेजारी बसली, माझ्या आईची शुगर विचारत राहिली, आणि एकदाही तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. हे तिला कसं जमलं, ते मला कोणी समजावून सांगू शकेल का?